करपलेल्या खळीचा वास

“दाराबाहेर जा मावशी. आत्ता.” एवढंच ती म्हणाली. आवाज चढवला नाही. मला खांद्याला धरून दाराकडे लोटलं आणि स्वतः वळून प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातल्या ओव्हनचं बटण बंद करायला गेली. माझा एक पाय उंबऱ्याच्या बाहेर पडला होता, दुसरा पडायचा होता, तेवढ्यात पाठीमागं फुटलं. ओव्हनचं लोखंडी दार समोरच्या भिंतीला जाऊन आदळलं, आणि ओव्हन आणि भिंत यांच्या मधे माझ्या बहिणीची लेक कावेरी उभी होती. मी तोंडावर पडले, उठले, आत गेले. पुढं काय बघितलं ते लिहिणार नाही. डॉक्टर नंतर म्हणाले, जागीच गेली. मला कुणी सांगायची गरज नव्हती... मी तिथंच होते.

या गोष्टीला आता दोन महिने होत आले. पेपरात तीन ओळी आल्या होत्या. प्रयोग करताना निष्काळजीपणा झाला आणि संशोधक तरुणी गेली, असं त्यात होतं. मी चौथी शिकले, वाचता येतं. निष्काळजी हा शब्द मी दोनदा वाचला आणि पेपर चुलीत घातला. ज्या पोरीनं चुलीवरच्या चिंचोक्याच्या खळीलासुद्धा तापमान मोजायची काडी लावली, ती निष्काळजी? म्हणून हे लिहिते आहे. रडायला लिहीत नाही. रडायचं ते घरात झालं.

बहिणीला बातमी मीच सांगितली. रखमा माझ्याहून धाकटी, पण तिच्याकडे बघून कुणी तसं म्हणणार नाही. तिचे गुडघे वाकून बसलेत, मान वळत नाही, दोघींनी धरल्याशिवाय ती बाजेवरून उठत नाही. मी तिच्यासमोर बसले आणि सांगितलं. कुठं होतीस, तिनं विचारलं. तिथंच होते, म्हणाले. ती माझ्या कानाला बांधलेल्या पट्टीकडे बघत म्हणाली, “मग तू कशी वाचलीस?”

मला राग आला नाही. बरोबरच विचारलं तिनं.

चौसाळ्याहून आत आमची वस्ती आहे. मेंढरं, थोडी शेती, आणि आमच्या सासरी घोंगड्याचा माग. कावेरी लहानपणी निम्मी माझ्याच घरी वाढली. हसताना तोंडावर हात धरायची. तिच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे होते. शाळेत बाई म्हणायच्या, दात घासत जा. पोरगी राखुंडीनं इतकी घासायची की हिरड्यांतून रक्त यायचं. मीही तिला बोलले आहे, खोटं कशाला सांगू. घाणेरडी म्हणाले आहे. नंतर ती बारावीला सायन्स शिकत होती तेव्हा एका सुट्टीत आली ती तणतणतच. पिशवी खाली टाकली आणि म्हणाली, “मावशी, माझ्या दातांचा दोष न्हाई. बोअरचा हाय. आन् आईचे गुडघे बी त्यानंच गेले.” पाण्यात फ्लोराईड नावाचं काही असतं, डोळ्याला दिसत नाही, चवीला लागत नाही, दातात आणि हाडात जाऊन बसतं, असं तिनं सांगितलं. माझा विश्वास बसला नाही. आडाचं पाणी आटलं तेव्हा आम्हीच तो बोअर पाडून घेतला होता, मशीनला हळद-कुंकू लावलं होतं, नारळ फोडला होता. पाणी लागलं तेव्हा रखमा नाचली होती. ज्याची पूजा केली त्यानंच हाडं खाल्ली, हे पटायला मला बरीच वर्षं लागली. कावेरीला एक दुपार पुरली.

तिथून तिचं सगळं आयुष्य त्या एका गोष्टीमागं लागलं. बी.एस्सी., एम.एस्सी., मग शहरातल्या कॉलेजात पीएच.डी. लग्नाचं बघायला लोक आले की ती त्यांना विचारायची, तुमच्याकडे पाणी कुठलं? स्थळं परत जायची. भांडखोर होती. जेवले म्हणून खोटं सांगायची. भाकर तिला शेवटपर्यंत जमली नाही, कडेला कच्ची आणि मधे जळकी. रसायनशास्त्र शिकलीस आणि तवा कळत नाही, असं मी म्हणायचे. ती म्हणायची, “तवा कळतो गं, भाकर कळत न्हाई.”

काय करतेस तिकडं, असं मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, “दोन वेगवेगळ्या जातीचे पदार्थ एकमेकांत बसवायचे. एक दगडमातीतला, एक झाडातला. दोघांचे गुण घ्यायचे. त्याला संकरित पदार्थ म्हणत्यात.”

“म्हंजे सारवणच की,” मी म्हणाले. “शेण आन् माती.”

ती हसायला लागली. हात तोंडावर नेला नाही, हे मला लक्षात आहे. “आमच्या सरांना हे सांगायला दोन तास लागले मावशी.”

पण काम सारवणाइतकं सोपं नव्हतं. ती मातीचे ज्वारीएवढे दाणे करायची, त्यावर तुरटीतलं काहीतरी बसवायची, कारण फ्लोराईड त्याला चिकटतं. तुरटी मातीवर नुसती टिकत नाही. पाण्यात उतरते. “फ्लोराईड काढलं आन् तुरटी पाजली, तर काय उपकार केले?” असं ती म्हणायची. म्हणून दोघांना धरून ठेवणारं काहीतरी झाडातलं पाहिजे होतं, आणि तेसुद्धा आपल्या भागात फुकट पडलेलं. तिनं चिंचोका घेतला. आमच्याकडे चिंचा कमी नाहीत. पण जिथं माती आणि चिंचोका जुळतात तिथंच दाणा सोलून निघायचा. जोड जिथं, फूट तिथं. चिमूटभर केलं की जमायचं, बादलीभर केलं की बिघडायचं. कॉलेजातल्या स्वच्छ पाण्यात दाणा नीट चालायचा, आमच्या बोअरच्या खारट पाण्यात दोन दिवसांत मऊ पडायचा. एक तपासणी करायला मशीन दुसऱ्या शहरात, तिथं नंबर लावून महिना-महिना थांबायचं. हे सगळं ती मला सांगायची, कारण रखमाला सांगितलं तर ती रडायची.

एका उन्हाळ्यात ती अशीच तोंड पाडून बसली होती आणि मी खळ शिजवत होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. घोंगड्याचा ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, लोकरीचा, लोकर मऊ, मागावर तुटते. म्हणून चिंचोके भाजायचे, टरफल काढायचं, भिजवायचे, वाटायचे आणि शिजवून त्याची खळ ताण्याला द्यायची, कुंच्यानं. आमच्यात माग पुरुषांचा आणि खळ बायकांची. खळ चढवली की बाईनं चुलीपासून उठायचं नाही, असा माझ्या सासूचा नियम होता. दारात कुणी मेलं तरी उठायचं नाही, असं ती म्हणायची. कारण खळ गुपचूप बुडाला लागते. वरून दिसत नाही, वासानं कळते. आधी भाजक्या शेंगेसारखा गोडसर वास, मग कडवट. कडवट आला की गेली.

कावेरीनं विचारलं, ताण्यावरून खळीचे पोपडे कसे निघत नाहीत? मी म्हणाले, “एकदम जाड देतीस व्हय? पातळ द्यायची. उन्हात वाळू द्यायची. परत पातळ द्यायची. लोकरीला पिऊ द्यायची गं. घाई केली की पोपडा.”

ती उठून बसली. “परत सांग.”

“बहिरी हायस का?”

“मावशी, परत सांग. हळू.”

त्या दिवसापासून मी तिची मास्तरीण. तिनं माझ्या खळीला काचेची तापमान मोजायची काडी लावली. मी वास सांगायचे, ती आकडा लिहायची. गोड वास आला, किती. कडवट आला, किती. पुन्हा पुन्हा खळ जाळायला लावली मला. माझी सासू असती तर दोघींना हाकललं असतं. मी पाठ करून बसायचे, काडी तिच्या हातात, आणि मी वास आला म्हणाले की तिचा आकडा दर वेळी तिथल्या तिथंच यायचा. तिनं वहीत शीर्षक दिलं होतं, ‘मावशीचं नाक’. मी म्हणाले हे काय लिहिलंस. म्हणाली, “उपकरणाचं नाव लिहावं लागतं.”

मग तिनं मातीच्या दाण्यांना पातळ थर दिला, आमच्या पत्र्यावर उन्हात वाळवला, परत दिला. असे कितीतरी थर. ते दाणे बोअरच्या पाण्यात टिकले. तिनं माझ्या घरी एक माठ केला, वरच्या माठात दाणे आणि खालच्या माठात गळून पडणारं पाणी. दर महिन्याला येऊन ती बाटली भरून न्यायची आणि तपासून सांगायची, अजून चालतंय. माठावर कागद चिकटवला होता, तिच्या अक्षरात. ‘पोळ्यानंतर दाणे बदलणे. मला विचारल्याशिवाय नाही.’

तिच्या सरांना हे दाखवलं तर ते म्हणाले, उन्हात वाळवलेलं शास्त्रात चालत नाही, ऊन मोजता येत नाही. मी शिव्या दिल्या. पण कावेरीनं त्यांचीच बाजू घेतली. “सर चुकत न्हाईत मावशी. चैतातलं ऊन येगळं, श्रावणातलं येगळं. दुसऱ्या गावातल्या बाईनं केलं तर दाणा तसाच झाला पाहिजे. न्हाईतर हे फक्त तुझ्या पत्र्यावरचं औषध ऱ्हाईल.” म्हणून तोच माल तिनं दुसऱ्या रीतीनं करून बघायला घेतला. जाड पोलादाचं लहान भांडं, आत पांढरा कप, वर आटे असलेलं झाकण. ते आवळून बंद करायचं आणि ओव्हनमधे ठरलेल्या आकड्यावर ठेवायचं. आतल्या आत वाफ कोंडून दोन्ही पदार्थ जुळतात म्हणे. मी भांडं हातात घेऊन बघितलं आणि म्हणाले, “झाकण आवळून खळ शिजवायची म्हंजे आंधळ्यानं तवा बघायचा.” ती म्हणाली, आत बघायचं नाही, आकडा बघायचा. ओव्हन आकडा पाळतो.

ओव्हन आकडा पाळत नव्हता. तिला माहीत होतं. खोलीत दोन ओव्हन होते, चांगल्यावर मोठ्या कामाच्या लोकांचा नंबर, कोपऱ्यातला जुना हिच्या वाट्याला. तो मधूनच तापत सुटतो, दुरुस्त करा, असा अर्ज तिनं दिला होता. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्या अर्जानंतर माणूस येऊन गेला, काहीतरी बदललं आणि सांगितलं, आता चालेल. तिनं विश्वास ठेवला. तिची चूक म्हणायची तर ही एवढीच... वरच्यांनी चालेल म्हटलेल्यावर विश्वास ठेवला.

त्या दिवशी ती मला मुद्दाम घेऊन गेली होती. तिच्या प्रयोगशाळेतल्या शेगडीवर मी खळ शिजवायची आणि तिनं माप घ्यायचं, असं ठरलं होतं. सकाळी एसटीनं गेलो. तिनं मला पांढरा कोट घातला, तो माझ्या घोट्यापर्यंत आला, आणि तिथं काम करणाऱ्या पोरी हसल्या. त्या जेवायला गेल्या, आम्ही दोघी राहिलो. तिचं आवळलेलं भांडं कोपऱ्यातल्या ओव्हनमधे होतं, माझी खळ अजून चढवलीच नव्हती. चिंचोके नुसते भिजत होते. आणि मला वास आला. गोडसर.

मी म्हणाले, “कावे, खळ लागतीय बघ कुठंतरी.”

“तुझी चढवली न्हाई अजून.”

“तुझ्या त्या ओव्हनमधली.”

ती वहीत लिहीत होती, वर न बघता म्हणाली, “त्यातून वास येत न्हाई मावशी. घट्ट बंद असतंय. आन् आकडा बघ, ठरल्यावरच हाय.” मी बघितलं. हिरवा आकडा होता तसाच होता. मी गप्प बसायला पाहिजे होतं का, याचा विचार मी रोज करते. पण मला खळ कळते. वास फिरला. मी म्हणाले, “पोरी, आता कडू आला. जाऊन बघ.”

जाऊन बघ. हे माझे शब्द आहेत. दुसऱ्या कुणाचे नाहीत.

तिनं पेन खाली ठेवलं. त्या वहीतला आकडा तिला पाठ होता. माझ्या नाकाला कडू वास येतो म्हणजे आत काय ताप आहे, हे जगात फक्त तिला ठाऊक होतं, आणि घट्ट भांड्यातून वास बाहेर येतो म्हणजे कोंडलेली वाफ आता झाकणाला आवरत नाही, हेही. ती उठली. आणि मग ती म्हणाली ते मी वर लिहिलं आहे.

कॉलेजनं चौकशीला मला बोलावलं तेव्हा पाच जण टेबलाच्या पलीकडे होते. कारकुनानं टाइप केलेला कागद आणि शाईचा पॅड माझ्यासमोर सरकवला. “आजी, इथं अंगठा.”

मी म्हणाले, “चष्मा हाय माझ्याकडं. थांबा.”

वाचायला मला वेळ लागला. ते घड्याळ बघत होते. कागदात लिहिलं होतं की मयत हिनं भांडं प्रमाणाबाहेर भरलं असावं, परवानगी नसलेली बाहेरची व्यक्ती आत आणल्यानं तिचं लक्ष विचलित झालं असावं, आणि हे मी स्वखुशीनं सांगते. मी स्वखुशीनं असं काही सांगितलं नव्हतं. मला अजून कुणी काही विचारलंच नव्हतं. मी पॅड परत सरकवला. तिच्या अर्जांच्या प्रती काढल्या, त्यावर त्यांच्याच ऑफिसचा आवक शिक्का होता. एकानं चष्म्यातून बघितलं आणि म्हणाला, “यात ओव्हनचा नंबर नाही. कोपऱ्यातला ओव्हन असं लिहिलंय. कोपरे चार असतात.” असं म्हणाला तो. मग मी ‘मावशीचं नाक’ असलेली वही दाखवली. कडू वासाला कुठला आकडा, ते तिथं लिहिलं आहे. वास आला तेव्हा ओव्हनवर आकडा वेगळाच होता, आत ताप वेगळा होता, म्हणजे ओव्हन खोटं बोलत होता. एवढं सरळ आहे. चौथी शिकलेलीला कळतं. ते म्हणाले, ही वही प्रयोगशाळेची नाही, घरची आहे, आणि वास पुरावा होत नाही.

तिचे सर त्या पाचांत बसले होते. तेराव्याला ते आमच्या वस्तीवर आले होते. माझ्या अंगणात उभं राहून म्हणाले होते, “आजी, तो ओव्हन काढून टाकायला पाहिजे होता. माझं चुकलं.” डोळ्यांत पाणी होतं, ते खोटं होतं असं मी म्हणत नाही. चौकशीच्या दिवशी टेबलाशी मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी कागदाकडे बघितलं. अंगणात उभं राहून बोललात ते खुर्चीवर बसून बोला, एवढंच माझं मागणं होतं. पाणी डोळ्यांत आणून काय करू? पाणी आमच्याकडे आहे, तेच पिऊन रखमा बाजेवर पडली आहे.

तिच्या कामाचं पुढं काय, म्हणून मी विचारलं. ओव्हन नवीन आला आहे. दाणे, वह्या कपाटात बंद आहेत, चौकशी संपेपर्यंत. नंतर कुणी विद्यार्थी मिळाला तर बघू, म्हणाले. उन्हात वाळवलेला दाणा आणि कोंडलेल्या वाफेतला दाणा, कुठला जास्त टिकतो, हे एवढंच बघायचं राहिलं होतं. ते कळलं असतं तर वस्त्या-वस्त्यांवरच्या बायकांना पत्र्यावर करता आलं असतं की नाही, हे ठरलं असतं. चिंचोके सगळीकडे पडलेत. माती पडली आहे. ऊन तर इतकं आहे की कुणाला नको. मोजणारी एक होती.

पोळा होऊन गेला. माठावरचा कागद तसाच आहे, ‘मला विचारल्याशिवाय नाही’. वरून पाणी ओतते, खाली थेंब-थेंब गळतं. रखमाला तेच पाजते. ते अजून चांगलं आहे की दाणे भरून गेले, हे मला सांगता येत नाही. करपलेली खळ मला खोलीच्या दुसऱ्या टोकाहून कळते, पण फ्लोराईडला वास नाही. परवा रखमानं गडू तोंडाला लावला आणि विचारलं, “हे चांगलं हाय का गं अजून?” मी म्हणाले, “ठावं न्हाई.” ती प्यायली. दुसरं काय पिणार.

अहवालाचा कागद मागच्या आठवड्यात हातात आला. मी सही केली नाही, तर त्यांनी माझ्याशिवाय काम भागवलं. आधीच्या कागदात माझ्यामुळं लक्ष विचलित झालं होतं. या कागदात मी नाहीच. त्यात एक ओळ आहे, घटनेच्या वेळी खोलीत मयताव्यतिरिक्त कोणीही अधिकृत व्यक्ती उपस्थित नव्हती. ती ओळ मी रखमाला वाचून दाखवली. मग वहीचं पान फाडलं, माझा जबाब माझ्या अक्षरात लिहिला, एसटीनं जाऊन आवक खिडकीवर दिला आणि शिक्का मारून घेतल्याशिवाय हलले नाही. त्यात वास, आकडा, दोन्ही अर्ज आणि ‘जाऊन बघ’ हे माझे शब्द, सगळं लिहिलं आहे. तू कशी वाचलीस, असं रखमानं विचारलं होतं, त्याचं उत्तरही शेवटी लिहिलं आहे. तेच इथं लिहिते.

त्या खोलीत दोघी होतो. कावेरी माझ्या आणि ओव्हनच्या मधे उभी राहिली. डावा कान गेला, बाकी मी जिवंत आहे.